मानाची गाडी

चाकाचा शोध हा मानवजातीच्या इतिहासातला सर्वांत थोर क्षण होय. हे वाक्य मी इतक्या ग्रंथांत वाचलं आहे की आता ते खोटं ठरायचं धाडस करणार नाही. चाक आलं, मागोमाग व्यापार आला, नगरं आली, राज्यं आली आणि राज्यांबरोबर भाषणं आली. फक्त एक गोष्ट मला कुठल्याच ग्रंथात सापडली नाही. ज्या माणसाने पहिली गाडी बनवली, त्याला त्याच संध्याकाळी त्याच्या बायकोने काय विचारलं असेल?

माझ्या आईने काय विचारलं होतं, ते मला ठाऊक आहे.

"आता हे ठेवणार कुठं?"

आषाढ लागला की भोकरदनकडून हिरव्या मिरचीचे ट्रक जालन्यात येऊ लागतात. मी जिथे ग्रंथपाल आहे त्या महाविद्यालयाच्या खिडक्या रस्त्याकडे उघडतात. ट्रक गेला की वाचनकक्षात आधी एकाला ठसका लागतो, मग दुसऱ्याला, आणि शांतता पाळा अशी पाटी असलेल्या त्या खोलीत सगळं ज्ञान खोकू लागतं. मला ठसका लागत नाही. माझा घसा एका पावसाळ्यात कायमचा तयार झाला. मला ओल्या गोणपाटाचा वास येतो, वेल्डिंगच्या कांडीचा जळका वास येतो, आणि एका अरुंद बोळात, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, घोट्याएवढ्या पाण्यात उभे असलेले अण्णा दिसतात.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडच्या एका वाडीतले. घर, मळा, विहीर, सगळं थोरल्या भावाच्या, माझ्या काकांच्या, हुकमाखाली. मी शाळेत जाऊ लागले त्या सुमारास एकदा पाहुण्यांच्या पंगतीत काका सहज म्हणाले, "आमच्या धाकट्याला भाकर मिळती ती माझ्या बैलाच्या पुण्याईनं." पंगत हसली. अण्णा ताटावरून उठले, आईला आणि मला घेऊन एसटीच्या फाट्यावर आले आणि वेशीकडे तोंड करून म्हणाले, "आता ह्या वाडीत येईन तर चौघांच्या खांद्यावर." आमच्याकडची माणसं रागात असं एखादं वाक्य बोलून जातात आणि मग उरलेलं आयुष्य त्या वाक्याची चाकरी करतात.

आम्ही आलो ते भोकरदनहून जाफराबादकडे जाताना लागणाऱ्या एका बाजारगावात. नाव सांगत नाही. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांचं काही अडलेलं नाही. तिथे अण्णांनी हातगाड्या भाड्याने द्यायचा धंदा काढला. एकेक करत बारा गाड्या झाल्या. हमाल सकाळी गाडी नेत, दिवसभर पोती वाहत आणि संध्याकाळी चिंचेखालच्या मोकळ्या पटांगणात आणून लावत. ते पटांगण कोणाचं, असं कोणी विचारत नव्हतं. म्हणजे ते सगळ्यांचं होतं. मग नव्वदच्या आसपासच्या एका वैशाखात कोणीतरी विचारलं.

उत्तर मांडव घालून देण्यात आलं. पटांगणावर व्यापारी संकुल होणार होतं. त्यासाठी संकुल समिती झाली, समितीने पुढारी आणले, पुढाऱ्यांनी हार आणले. आमच्या बारा गाड्या दिसू नयेत म्हणून मांडवामागे सरकवून त्यांच्यावर पांढरं कापड टाकलं होतं, तेच पुढाऱ्यांच्या मागे एखाद्या पर्वतरांगेच्या देखाव्यासारखं दिसत होतं. "या गावाच्या विकासाचं चाक आता थांबणार नाही," असं पुढारी म्हणाले. पर्वतरांगेखाली चोवीस चाकं थांबलेली होती. अण्णांनीही टाळ्या वाजवल्या. समोरचा माणूस तुमच्या जागेवर उभा राहून बोलत असेल तर दुसरं काय वाजवणार?

मग कोनशिलेचं अनावरण झालं. दगड संगमरवरी होता, नावांनी गच्च भरलेला. एवढा दगड लावायला भिंत हवी, म्हणून आदल्या आठवड्यात घाईघाईने एक भिंत बांधली होती. संकुलाचा तेवढाच भाग तयार होता. आमच्या घराला लागून एक बोळ होता. पलीकडे तो या पटांगणात उघडायचा. भिंत नेमकी तिथेच उभी राहिली आणि बोळाचं पलीकडचं तोंड बुजलं. त्या दिवशी त्याचं कोणाला काही वाटलं नाही. बोळातून शेळ्या जायच्या, आणि शेळ्यांना बोलावणं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पटांगणात गाड्या लावायला मनाई झाली. रस्त्यावर ठेवून पाहिल्या. सकाळी गाडी असायची, चाकं नसायची. उरला बोळ. रुंदी एका गाडीपुरती, लांबी चार गाड्यांची. गाड्या बारा. हे गणित मी बी.ए. होते म्हणून अण्णांनी मला घातलं. मी ते तिन्ही बाजूंनी करून पाहिलं आणि उत्तर दर वेळी तेच आलं.

"मिरची सुरू व्हायच्या आत जागेचं बघा अण्णा," किसनआबांनी येऊन सांगितलं. "गाडी रातच्याला सुरक्षित न्हाई तर सकाळी हमाली कशी करावी? बाकीचे आतापासून आपली सोय बघून राह्यलेत."

किसनआबा हे बाजारातले सगळ्यात जुने हमाल. घराणं मेंढरांचं. आज्याच्या काळात कळप होता, बापाच्या काळात चार मेंढरं आणि आबांच्या वाट्याला फक्त घोंगडं आलं. तांबडं मुंडासं, पाठीला पोत्याचा बाक, पण चालणं असं की मागून वाजंत्री येत असावी. हिरव्या मिरचीचा हंगाम म्हणजे हमालांचं वर्षाचं पीक. सकाळी खेड्यांवरून जीपा येतात, मिरचीची पोती काट्यावर जातात, काट्यावरून ट्रकात. काट्यापाशी ज्याची गाडी पहिली लागेल त्याला पहिला माल. ती पहिली गाडी आबांची, हे कोणी ठरवलं नव्हतं. तसं ते होतं.

मिरचीत गाड्या चालल्या नाहीत तर हमाल जाणार, हमाल गेले तर धंदा जाणार, आणि धंदा गेला तर अण्णांना जायला जगाच्या पाठीवर एकच ठिकाण उरलं होतं. त्या ठिकाणाचं नाव आमच्या घरात कोणी घेत नसे. आई भाकरी थापताना मधेच थांबायची, तेव्हा तिच्या मनात ते आलेलं असायचं.

त्या ज्येष्ठात अण्णांनी काय काय केलं! गाड्या उभ्या करून भिंतीला टेकवल्या. एका वावटळीत बाराही गाड्या एकामागून एक अशा झोपल्या की शेजाऱ्यांना भूकंप वाटला. मग तुळयांना दोर बांधून त्या वर टांगायचं ठरलं. आई दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "टांगा," ती म्हणाली, "पण खाली माझी चूल हाय, हे गाडीला सांगून ठेवा." तो बेत तिथेच संपला. अण्णांना अंतर्गळाचा त्रास होता. कमरेला पट्टा बांधून ते दिवसभर गाड्या उलट्यासुलट्या करत आणि संध्याकाळी भिंतीला पाठ लावून बसत. डोळे उघडे, पण समोरचं काही दिसत नसायचं. मी त्यांच्यासमोर जेवणाचं ताट ठेवायची. ते ताटाकडे, मग ताटाखालच्या जागेकडे बघायचे. त्यांना सगळीकडे जागाच दिसू लागली होती, आणि ती सगळीकडे कमी होती.

आणि मग एसटी स्टँडवरच्या हॉटेलात त्यांना ती गोष्ट दिसली. धुतलेले चहाचे ग्लास एकात एक घालून लावलेले. खाली निमुळते, वर रुंद. दहा ग्लासांना दोन ग्लासांचीच जागा. अण्णा चहा तसाच ठेवून घरी आले.

त्यांनी ज्वारीची वाळलेली धाटं घेतली. आमच्याकडे पोरं त्यांच्या सालीच्या चोयट्या काढून बैलगाड्या बनवतात, आतल्या पांढऱ्या गाभ्यात चोयट्या खोचून. पन्नाशी ओलांडलेला माणूस ओसरीवर बसून तीच गाडी करत होता. "माय, हे बघ," ते मला म्हणाले. गावाकडे बाप लेकीला माय म्हणतो. त्या दिवसांत ते फार वेळा म्हणत. गाडी पुढे अरुंद आणि मागे रुंद. मागची बाजू मोकळी, तिथे आडवी दांडी नाही. वरची फळी पुढच्या कडेला बिजागरीवर. मागून दुसरी गाडी ढकलली की तिचं अरुंद तोंड पहिलीच्या पोटात शिरतं आणि पहिलीची फळी आपोआप वर उठते. प्रत्येक नव्या गाडीला दीड हात जागा पुरते. अण्णांनी सहा गाड्या एकात एक घातल्या. ओसरीवर धाटांचा एक लांबोळा किडा तयार झाला. त्यांनी तो एका बोटाने पुढेमागे सरकवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. इतकी आशा माणसाच्या तोंडावर बघणं बरं वाटत नाही.

वेल्डिंगचं दुकान रहीमभाईंचं. त्यांनी धाटाची गाडी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "अण्णा, ये गाडी हय का गिलास?"

"दोन्ही."

"तो चाय किसमें डालनेकी, इतना बता द्यो," ते म्हणाले आणि कामाला लागले.

लोखंड नवं घ्यायची ऐपत नव्हती. जुन्या गाड्या तोडूनच नव्या करायच्या, असं ठरलं. मला ते अजून आठवतं. पहिल्या जुन्या गाडीचा आस कापला तेव्हा अण्णांनी तिच्या दांडीला हात लावून तो हात कपाळाला लावला. अकरा गाड्या उरल्या तोवर परत फिरता आलं असतं. सात उरल्या तोवरही. एका पावसाळी दुपारी एकही उरली नाही. रहीमभाईंच्या दुकानात पत्र्यावर पाऊस वाजत होता, निळ्या ठिणग्या उडत होत्या. अण्णांनी तयार झालेल्या दोन गाड्या एकामागे एक आणल्या आणि एक दुसरीत ढकलली. फळी उठली. खट्ट असा एक आवाज झाला. मी बरंच संगीत ऐकलेलं आहे. सभागृहात, पुढच्या रांगेत बसून, समजत असल्यासारखी मान हलवत. तो खट्ट आवाज त्या सगळ्याहून सरस होता.

मिरची सुरू झाली त्या संध्याकाळी सगळे हमाल बोळाच्या तोंडाशी जमले. पहिल्या दिवसाच्या मालाने सगळ्यांचे डोळे लाल आणि नाकं वाहती होती. त्यामुळे प्रसंगाला आपोआप गांभीर्य आलं. आईने प्रत्येक गाडीला हळदकुंकू लावलं. पहिली गाडी आत कोणी न्यायची, हा प्रश्नच नव्हता. पोळ्याला तोरणाखालून मानाचा बैल आधी जातो. त्याच्याआधी दुसऱ्याचा बैल गेला तर डोकी फुटतात. आबांनी मुंडासं सारखं केलं, दोन्ही हातांनी गाडी धरली आणि बोळात नेली. थेट शेवटपर्यंत, कोनशिलेच्या भिंतीला भिडेपर्यंत. त्यांच्यामागे वयाप्रमाणे एकेक गाडी. खट्ट. खट्ट. खट्ट. बाराही मावल्या आणि बोळात वर जागा उरली. "बिलकुल बराबर!" कोणीतरी ओरडलं. अण्णा हसले. त्या पावसाळ्यात ते तेवढंच एकदा हसले.

सकाळी उजाडायच्या आत आबा आले. रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या आधी. बोळाच्या तोंडाशी उभे राहिले आणि आत पाहत राहिले. त्यांची गाडी सगळ्यात आत होती. तिच्या अलीकडे अकरा गाड्या होत्या, आणि त्यांचे अकरा धनी अजून घरी चूळ भरत होते.

मानाची गाडी आत पहिली गेली होती, म्हणून ती बाहेर शेवटी येणार होती. हे आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं. अण्णांना नाही, रहीमभाईंना नाही, मला नाही, खुद्द आबांना नाही. ग्लासांचं बरं असतं. ग्लासांत थोरला कोणी नसतो.

"दुसरी कोणतीबी घ्या आबा, सगळ्या सारख्याच तर हायेत," अण्णा म्हणाले.

"दुसऱ्याच्या गाडीला हात लावू?" आबांना अण्णांनी दुसऱ्याच्या घरात शिरायला सांगितल्यासारखं वाटलं. गाडी भाड्याची असली तरी ज्याची त्याची. तिच्यावर त्याचा दोर, त्याचं गोणपाट, त्याच्या देवाचं चित्र, त्याच्या पोरीने बांधलेलं लिंबू. अण्णांनी खोळ डोक्यावर घेतली आणि अकरा गाड्या एकेक करून ओढून बाहेर काढल्या. चिखलात चाकं रुतत होती. मी दांडी धरली, आईने मागून जोर लावला. आबांची गाडी बाहेर आली तेव्हा आधीच एक जीप काट्यावर लागली होती, आणि तिच्यासमोर दुसऱ्याच कोणाची तरी गाडी उभी होती.

अण्णांनी त्या संध्याकाळी हात जोडून सुचवलं, "आबा, तुमची शेवटी लावा. म्हंजी सकाळी पहिली निघन."

"मी शेवटी?" आबा म्हणाले. "सगळ्यांच्या मागं उभा राहू, लोकांदेखत?"

"फायदा तुमचाच हाय."

"फायद्यासाठी माणूस मागं उभा राह्यला तर मंग तो पुढचा कशाचा?"

मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले होते आणि हा प्रश्न आमच्या पुस्तकांत नव्हता. दुसऱ्या कोणी तरी आत आधी जावं म्हटलं, तर ज्याला सांगावं तो कानाला हात लावी. आबांच्या आधी गाडी लावायची? आबा नाही म्हणाले नसते, पण त्यांनी पाहिलं असतं. आबांचं पाहणं बाजारात कोणाला नको होतं.

मग रोज तेच सुरू झालं. संध्याकाळी मानाप्रमाणे आत, सकाळी मानाप्रमाणे बाहेर; आणि मधलं सगळं आमच्या अंगावर. पहाटेच्या झिमझिम पावसात आम्ही तिघं बोळात उतरायचो. गोणपाटात दिवसभराच्या मिरचीचा रस मुरलेला असायचा. ओल्या हातांना तो लागला की आग पेटायची, आणि त्याच हाताने कपाळावरचं पाणी पुसलं तर डोळेही जायचे. आई ताकाचं भांडं भरून ठेवायची. आम्ही हात बुडवायचो आणि परत ओढायला लागायचो. अण्णा पोटाखाली एक हात दाबून दुसऱ्या हाताने ओढायचे. डॉक्टरांनी त्यांना पाण्याची घागर उचलायला मना केलं होतं. हातगाडीबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते, असं ते म्हणत.

एकदा आबांची गाडी आम्ही ओसरीवर घेतली. मान राहिला, बोळ राहिला, ओसरी गेली. तर दुसऱ्याच दिवशी वयाने दोन नंबरचे हमाल येऊन अंगणात नुसतेच उभे राहिले. ओसरीकडे पाहत होते.

"देव्हारा बाहेर न्या," आई म्हणाली, "आन ह्यांचीबी गाडी आत घ्या. देवाचं काय, तो काट्यावर जात न्हाई." आणि ती पदर तोंडाला लावून आत गेली. हसली की रडली, ते मला कळलं नाही. मिरचीच्या दिवसांत डोळ्यांवरून काही कळायचं नाही.

उपाय खरोखर होता, आणि तो अण्णांनाच सापडला. बोळाला पलीकडून तोंड असतं तर! पहिली गाडी पुढून सरळ निघाली असती. आत पहिली, बाहेर पहिली. मान आणि माल एका रांगेत. फक्त चार फुटांचं भोक हवं होतं, आणि मधे एक भिंत होती, एकटीच, जिला दुसऱ्या बाजूने संकुल नव्हतं, छप्पर नव्हतं, पाया खणायलाही कोणी परत आलं नव्हतं. फक्त दगड होता.

अण्णा धुतलेलं धोतर नेसून संकुल समितीच्या चिटणिसांकडे गेले. मलाही नेलं, शिकलेलं माणूस बरोबर असावं म्हणून. चिटणीस पान जुळवत होते.

"भोक? कुठं?"

"बोळाच्या तोंडाला. चार फूट."

"तिथं कोनशिला आहे."

"थोडी बाजूला सरकवली तर..."

"कोनशिला सरकत नसते अण्णा. तिच्यावर साहेब आहेत."

"दगडाखालून पाडतो साहेब. गाड्या बुटक्या हायेत, फळी दुमडती. दगडाला धक्का लागणार न्हाई. मी स्वतः धरून उभा राह्यतो."

"आणि उद्या लोक म्हणणार, साहेबांच्या नावाखालून हातगाड्या जातात." चिटणिसांनी पान तोंडात घातलं. आता बोलायचं काम संपलं होतं.

"संकुल कधी होणार?" मी विचारलं.

त्यांनी खिडकीशी जाऊन पान थुंकलं आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "ते काही दगडावर लिहिलेलं नाही."

परत येताना अण्णा पटांगणातून आले. त्या भिंतीपाशी उभे राहिले. पावसाने दगड धुऊन लखलखीत केला होता. अण्णांनी हात पुढे केला. मला वाटलं, ते तो उपटणार. मी मनातून म्हणत होते, उपटा. त्यांनी तळव्याने भिंतीवर दोनदा थाप मारली, आतून कोणी दार उघडेल अशा आशेने मारतात तशी. मग घरी आले, पट्टा सैल केला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आईने हाक मारली, मी हाक मारली. ते म्हणाले, "जागा हाय माय. जागा हाय. फकत दार न्हाई."

श्रावण लागता लागता हमाल सुटू लागले. कोणी भांडलं नाही. एकाने भोकरदनहून स्वतःची गाडी आणली आणि आपल्या दारात लावली. दुसरा एका आडत्याच्या गोदामात गेला. शेवटी किसनआबा आले. ओसरीच्या पायरीवर बसले, मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच उघडं पाहिलं. पांढरं, लहान.

"अण्णा, गाडी लई हुशार बनविली तुमी."

"मंग सोडून का चाल्लात?"

"हुशार गाडीला सगळे सारखे लागतेत. आमी सारखे न्हाई ना."

"आबा," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता. "एक दिस मागं लावा. एकच दिस. तुमचं बघून बाकीचे लावतेन. न्हाई तर मला वाडीला जावं लागन."

आबा बराच वेळ मुंडाशाच्या घड्या नीट करत राहिले.

"मला शेत न्हाई, मेंढरं न्हाई," ते म्हणाले. "पोरं म्हमईला गेली ती येत न्हाईत. एवढा एक पहिला नंबर हाय अण्णा. तो बी तुमाला देऊ?"

अण्णांनी मान हलवली. नको, अशी. आईने चहा आणला. तो दोघांनी पूर्ण प्यायला, आणि रिकामे ग्लास आईने सवयीने एकात एक घालून आत नेले.

परवा मी औरंगाबादला एका नव्या मोठ्या दुकानात गेले होते. आत शिरताच डाव्या हाताला गाड्या होत्या. पुढे अरुंद, मागे मोकळ्या, एकात एक घातलेल्या. चाळीसेक तरी. मी तिथेच उभी राहिले. बारीक मिशीच्या एका कर्मचाऱ्याने जवळ येऊन विचारलं, काय हवंय. "यातली पहिली कोणाची?" मी विचारलं. तो गोंधळला. "मॅडम," तो म्हणाला, "कोणतीही घ्या." आणि एक गाडी त्याने अशी सहज खेचली की जणू तिच्यामागे कोणी नव्हतंच. खट्ट. मी ती घेतली, सगळ्या दुकानातून फिरवली आणि रिकामी परत लावली. सामान घ्यायचं होतं, ते आठवलं नाही.

जगात ही गाडी आधी कोणी केली असणार, हे मला आता ठाऊक आहे. नंतर मी वाचलं. पण अण्णांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी ती धाटांतून काढली. एक शब्द तेवढा त्यांना कुठे मिळाला नाही. 'कोणतीही.' तो आमच्या बाजारात मिळत नव्हता.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी काका जीप घेऊन आले. निरोप कोणी धाडला, ते मी आईला कधी विचारलं नाही. पंगतीतलं ते वाक्य काकांना आठवतही नसावं; ज्यांनी बोललेलं असतं त्यांना क्वचितच आठवतं. अकरा गाड्या रहीमभाईंनी ठेवून घेतल्या, गेट करायला. बारावी अण्णांनी जीपच्या टपावर बांधायला लावली. चौघांच्या खांद्यावर जाणार होते, ते पुढच्या सीटवर, काकांच्या शेजारी बसून गेले. वाटेत जाफराबादकडून येणारा एक मिरचीचा ट्रक आडवा गेला आणि काकांना ठसका लागला. अण्णांना लागला नाही.

वाडीला पोचल्यावर गाडी खाली उतरवली. अण्णा तिची दांडी धरून मळ्यात उभे राहिले. पाऊस थांबला होता. सगळीकडे ज्वारी, लांबवर बांध, त्याच्यापलीकडे आणखी बांध.

"ही कुठं ठेवू?" अण्णांनी विचारलं.

काकांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांना प्रश्न कळला नाही. "कुठंबी ठेव की," ते म्हणाले.

अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, काकांच्या मळ्यात, काकांच्या हुकमाखाली. गाडीबद्दल बोलले नाहीत. संकुल अजून झालेलं नाही. कोनशिलेवरची बरीचशी नावं पावसाने पुसली आहेत, भिंत मात्र मजबूत आहे.

गाडी मळ्यात विहिरीपाशी आहे. तिला फार थोडी जागा लागते. मळा नऊ एकरांचा आहे.